पुलाचं एक टोक मोकळं का?

घर आणि बांधकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमच्या मुलाने भायलीकडे दोन जोड टॉवरच्या स्कीममध्ये फ्लॅट घेतलाय. वरच्या मजल्यावर दोन्ही टॉवर जोडणारा पूल आहे. काम बघायला गेलो, तर पुलाचं एक टोक भिंतीत धरलेलंच नव्हतं. चार बोटं जातील एवढी फट, आणि खाली नुसती रबराची जाड गादी. सुपरवायझर म्हणाला, ‘हे असंच राहणार.’ तेव्हापासून ह्यांना झोप नाही. बिल्डरने काम अर्धवट तर सोडलं नसेल?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, सुपरवायझर खरं बोलला. दोन्ही टोकं पक्की केलेली दिसली असती, तर मीच तुम्हाला काळजी करा म्हटलं असतं.

उंच इमारत वाऱ्याने हलते, भूकंपात तर फारच. दोन टॉवर एकाच नकाशावरून बांधले तरी ते एका तालात डोलत नाहीत. एक इकडे झुकतो तेव्हा दुसरा तिकडे गेलेला असू शकतो. मधला पूल दोन्हीकडे जखडला तर ती सगळी ओढाताण त्याच्या सांध्यावर येते आणि तिथलं काँक्रीट फुटतं.

क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवरचा पूल याच विचाराने केलाय. 41व्या आणि 42व्या मजल्यांवरचा हा दुमजली पूल सुमारे 58 मीटर लांब, जमिनीपासून 170 मीटर उंच आणि वजनाला 750 टन. दोन्ही टोकं मनोऱ्यांत सरकती ठेवली आहेत. मग एवढं ओझं पेलतं कोण? 29व्या मजल्यापाशी दोन्ही मनोऱ्यांतून पोलादी नळ्यांचे तिरपे पाय निघतात आणि पुलाच्या मध्याखाली येऊन मिळतात. पायांच्या टोकांनाही बिजागरीसारखी मोकळीक आहे. मनोरे लांब गेले की मध्य किंचित खाली येतो, जवळ आले की वर जातो, आणि पूल बरोबर मधोमध राहतो. त्या बारीक नळ्या वाऱ्याने थरथरू नयेत म्हणून त्यांच्या आत हेलकावा शोषणारी वजनं बसवली आहेत. मला त्या मनोऱ्यांच्या उंचीपेक्षा हे पाय जास्त आवडतात.

तुमच्या टॉवरला एवढा खटाटोप लागणार नाही. रबरी गादी, म्हणजे बेअरिंग, पुरेशी असते. पण दोन गोष्टी विचाराच. ज्या कठड्यावर पूल टेकलाय ती बैठक किती रुंद आहे? भूकंपात टॉवर जास्तीत जास्त जितके लांब जातील असं गणितात धरलंय, त्याहून ती बरीच जास्त हवी, नाहीतर पूल खाली घसरेल. आणि पुढे गादी तपासायला, बदलायला माणूस तिथे पोचू शकेल का? उत्तर तोंडी घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग मागा. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही तो कळवलात, तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

ताबा मिळाल्यावर मात्र त्या फटीला कुणालाही हात लावू देऊ नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय. कारेलीबागेतल्या एका सोसायटीत दोन विंगांमधल्या सांध्यातून पावसाचं पाणी गळायला लागलं. कमिटीने कडिया, म्हणजे गवंडी, बोलावला, त्याने सिमेंटचा मसाला ठासून भरला, वरून रंग मारला. उन्हाळ्यात काँक्रीट फुगलं, त्याला जायला जागा उरली नाही आणि गच्चीच्या कठड्याला तिरपी चीर गेली, पेन्सिल आत शिरेल एवढी. तिथे लवचीक सीलंट आणि वर एकाच बाजूला स्क्रू मारलेली पट्टी हवी होती. 26 जानेवारी 2001ची भूकंपाची सकाळ आपण बडोदेकर विसरलेलो नाही. तसा धक्का पुन्हा आला तर मसाल्याने बुजवलेली फट नसल्यासारखीच. 1985च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात शेजारशेजारच्या कितीतरी इमारती एकमेकींवर आपटून मोडल्या होत्या.

प्रश्न : सर, पेट्रोनास टॉवर पोलादाऐवजी मुख्यतः काँक्रीटचे का बांधले?
– एक विद्यार्थी, कलाभवन, बडोदा

उत्तर : मलेशियाला पोलाद बाहेरून आणावं लागलं असतं, तेही महाग, काँक्रीटचं काम तिथल्या लोकांच्या हातात बसलेलं होतं. शिवाय काँक्रीटची इमारत कमी डोलते. पण वजन खूप वाढतं, आणि जमिनीखाली निघाला पोकळ्यांचा, उतरता चुनखडक. मूळ जागी मनोऱ्याची एक बाजू खडकावर आणि दुसरी मातीवर आली असती. म्हणून मनोऱ्यांची जागाच सुमारे 60 मीटर सरकवली. प्रत्येकाखाली 104 पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, काही शंभर मीटरहून खोल, आणि वर 4.5 मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे पायाची सलग लादी. एका राफ्टचं काँक्रीट सलग 54 तास ओतत होते.

वास्तुरचनाकार सेझार पेली यांच्या आठ टोकांच्या ताऱ्याविषयी सगळे बोलतात. तू 80 ग्रेडच्या, म्हणजे फार जास्त ताकदीच्या, काँक्रीटकडे बघ. कामाच्या सुरुवातीलाच काँक्रीटचा एक घाणा ताकदीच्या चाचणीत नापास झाला. काम पूर्ण थांबवून झालेले सगळे मजले तपासले. एकाच मजल्यात तो माल निघाला आणि तो मजला पाडला. पुढे साइटवरच तीन वेगळे प्लँट लावले, एकाचा माल बिघडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

ट्रेनिंगला साइटवर जाशील तेव्हा क्यूबचं, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, रजिस्टर मागून घे. तारीख, मजला, 7 दिवसांची आणि 28 दिवसांची ताकद, या चारही नोंदी ओळीने भरलेल्या आहेत का बघ. एखादी गाळलेली दिसली तर त्या मजल्याचे क्यूब कुठे आहेत ते इंजिनिअरला विचार.