आकडा झाकलेला असताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

बी-मेसॉनच्या, म्हणजे क्षणात फुटणाऱ्या एका जड कणाच्या, क्षयावर काम मिळालं, फार आनंद झाला. शिखर कधी दिसेल, असं विचारलंस. ते लवकर दिसेल. वस्तुमानाच्या आलेखातला 5,280 एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपासचा तो उंचवटा संगणक सहज काढून देतो. त्याखालच्या किती घटना खरोखर तुझ्या क्षयाच्या आहेत, हे ठरवण्यात वर्षं जातात.

मेसॉन स्वतः हाती लागत नाही. त्याचं आयुष्य सरासरी दीड पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग). सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात तेवढ्यात तो साधारण सेंटिमीटरभर जातो, जपानमधल्या बेल-२ प्रयोगात जेमतेम 0.1 मिलिमीटर. उरलेल्या कणांचे मार्ग मागे नेत तो कुठे फुटला ते शोधायचं. (बेल-२ च्या सिलिकॉन शोधकातल्या चौथ्या थराच्या पट्ट्या आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या गटाने जोडल्या, याचा मला फार अभिमान आहे.)

आता ‘आरके’चं प्रकरण नीट वाच. धनभारित बी-मेसॉन फुटून कधी केऑन (एक हलका मेसॉन) आणि दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) देतो, कधी केऑन आणि दोन इलेक्ट्रॉन. म्यूऑनवाल्या क्षयांना इलेक्ट्रॉनवाल्यांनी भागून येणारं गुणोत्तर म्हणजे ‘आरके’; प्रचलित सिद्धांताप्रमाणे ते जवळपास 1 यायला हवं. 2021 मध्ये एलएचसीबीला ते 0.846 मिळालं, तफावत 3.1 सिग्मा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेचं माप). नव्या भौतिकीची चाहूल लागली असं अनेकांना वाटलं. डिसेंबर 2022 मध्ये त्याच गटाने पुन्हा विश्लेषण केलं आणि गुणोत्तर 1 शी जुळलं. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही पायॉन (आणखी एक हलका मेसॉन) आणि केऑन शिरले होते. इलेक्ट्रॉन वाटेत फोटॉन सोडत ऊर्जा गमावतो, त्याचं शिखर बसकं आणि पसरट होतं, आणि तोतये त्याखाली बेमालूम दडतात. छेदातला आकडा फुगला, गुणोत्तर घसरलं. स्वतःचाच गाजलेला निकाल असा तपासून बदलणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे.

जे/साय मार्गाची, म्हणजे हेच कण मधल्या जे/साय नावाच्या मेसॉनमधून येतात त्या क्षयाची, तपासणी तेव्हाही झाली होती आणि ती व्यवस्थित उतरली होती. पण त्या मार्गाने घटना इतक्या भरपूर येतात की मूठभर तोतये त्यात जाणवतच नाहीत. शोधकाची कार्यक्षमता त्यातून कळते, तोतये कळत नाहीत. म्हणून प्रत्येक तपासणी करताना आधी विचार: हिला काय दिसणार नाही?

पायॉन इलेक्ट्रॉन म्हणून किती वेळा खपतो, हे सिम्युलेशनवर सोडू नकोस. डी-स्टार या दुसऱ्या एका मेसॉनच्या क्षयात कोणता कण पायॉन आणि कोणता केऑन, हे विद्युतभारावरूनच ठरतं. तिथे तुला ओळख पटलेले कण मिळतील; त्यांच्यावर मोज, आणि वेगवेगळ्या संवेगांना वेगळं मोज. हे सगळं होईपर्यंत अंतिम आकडा झाकलेलाच राहू दे. एकदा तो दिसला की मन त्याच्या बाजूने कारणं शोधू लागतं, कितीही प्रामाणिक माणूस असो.

पुढच्या पत्रात शिखराचा आलेख नको. तुझ्या इलेक्ट्रॉनांत तोतये किती आणि तो अंदाज कोणत्या डेटावरून काढलास, तेवढं कळव.

तुझा,
सर