सुभद्रा तिला मिळाली म्हणून रडू नकोस

पोरी, पहिल्याच तालमीला ‘संगीत सौभद्र’ नाटकातली सुभद्रेची भूमिका हातची जाऊन दुसऱ्या मुलीला मिळाली की घशाशी येतंच. जळगावात हौशी नाटकं करताना माझ्याही वाट्याला हे आलंय. आत्ता फक्त एवढं सांभाळ:

- तुझी पट्टी, म्हणजे पेटीवरचा तुझा ‘सा’, ठरव. ती काळी पाचला, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवरून, उंच गाते म्हणून तू ताणू नकोस. मी ताणलं, तर दुसऱ्या अंकात आवाज फाटला. पेटीवाल्या काकांना आधीच सांग, काळी तीन तर काळी तीन.
- तिच्या गाण्यातल्या हरकती, म्हणजे सुरांच्या छोट्या लकेरी, उचलू नकोस. परीक्षकाला नक्कल लगेच कळते.
- गद्य पाठ कर! नव्या मुली पदं घोटतात आणि संवादात अडखळतात. ‘सौभद्र’ १८८२चं, भाषा जुनी. ‘वद जाऊं कुणाला शरण’ म्हणताना सुभद्रा खरंच कोंडीत सापडलेली दिसायला हवी.

विंगेत तिच्याबद्दल एक शब्दही बोलू नकोस, आपल्याकडे गोष्ट भुसावळला पोचायला वेळ लागत नाही. तुला रुक्मिणी मिळालीय ना? ती मनापासून कर, आणि सुभद्रेची पदंही बसवून ठेव. प्रयोगाच्या दिवशी कुणाचाही घसा बसतो. तसं झालं तर तिला आधी गरम पाणी नेऊन दे, मग उभी राहा.

ताना, आलाप नंतर बघू. उद्या तंबोरा घेऊन ये.