बोटींचा रंग आणि कालवांची शेती

प्रश्न : खाडीत कालवांची शेती करण्याचा आमचा विचार आहे. पाणी स्वच्छ दिसत असूनही प्रदूषणाने कालवांचे नुकसान होऊ शकते का?

उत्तर : होय. फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांचे बीज जवळजवळ धरेनासे झाले आणि वाढलेल्या कालवांची कवचे जाड, वेडीवाकडी व आतून पोकळ कप्प्यांची होऊ लागल्याने त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. बोटींच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन हे त्याचे कारण होते. कालव पाणी गाळूनच अन्न मिळवत असल्याने डोळ्यांना न दिसणारे असे विष त्याच्या शरीरात साठत जाते. फ्रान्सने १९८२मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातल्यावर बीज पुन्हा धरू लागले. जहाजांवरील आंतरराष्ट्रीय बंदी मात्र २००८मध्ये अमलात आली, आणि हा विलंब मला अक्षम्य वाटतो. हे द्रव्य गाळात वर्षानुवर्षे टिकते. म्हणून बोटी रंगवण्याच्या जागांपासून दूरची खाडी निवडावी आणि पाण्याबरोबर गाळाचीही तपासणी करून घ्यावी.