घरी एआयसाठी लिनक्स सर्व्हर उभा करायचा तर पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, बजेट ८० हजारांच्या आसपास. मराठी पीडीएफवर प्रश्नोत्तरं, रेकॉर्डिंगचा मजकूर आणि जमलं तर चित्रं काढणं, हे सगळं घरच्या मशिनवर करायचंय. त्यासाठी प्रोसेसर कोणता घ्यावा?

प्रोसेसर शेवटी ठरवा. आधी ग्राफिक्स कार्डाची मेमरी ठरवा आणि बाकीचं मशिन त्या हिशेबाने जुळवा.

एआय मॉडेलचा आकार पॅरामीटरवर, म्हणजे त्यात साठवलेल्या आकड्यांच्या संख्येवर, मोजतात. ४ बिटांत आवळलेलं (प्रत्येक आकडा कमी जागेत बसवलेलं) ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल साधारण ५ जीबी जागा घेतं, १२ ते १४ अब्जांचं ८-९ जीबी, ३२ अब्जांचं २० जीबी. ७० अब्जांचं ४० जीबीच्या वर जातं, म्हणजे ते तुमच्या बजेटबाहेर. पण फाइल मावली म्हणजे काम झालं असं नाही. संभाषण जसं लांबतं तशी त्याची आठवणही कार्डातच साठते. मेटाच्या लामा ३.१ च्या ८ अब्जवाल्या मॉडेलला दर टोकनमागे (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा) १२८ केबी लागतात, म्हणजे ८१९२ टोकनांना १ जीबी आणि ३२ हजारांना ४ जीबी. त्यात देवनागरीचा एक शब्द इंग्रजी शब्दापेक्षा जास्त टोकन खातो. त्यामुळे तेवढीच पानं मराठीत असली की जागाही जास्त लागते आणि उत्तरही सावकाश येतं. इंग्रजीवर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे पाहून कार्ड निवडू नका.

वेगाचं गणित सोपं आहे. प्रत्येक टोकन काढताना जवळजवळ अख्खं मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाची बँडविड्थ, म्हणजे मेमरी वाचायचा वेग, सेकंदाला ३६० जीबी आहे. तिला ५ जीबीने भागा, सेकंदाला फार तर ७२ टोकन. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. दोन चॅनेलच्या डीडीआर४ रॅमची बँडविड्थ जेमतेम ५१ जीबी, म्हणजे फार तर १०. म्हणून मॉडेलचा थोडासा भाग जरी कार्डातून रॅममध्ये सांडला, तरी वेग धाडकन पडतो.

तुमच्या बजेटात मी ३०६० ची १२ जीबी आवृत्तीच घेईन. त्याच नावाने ८ जीबीचं कार्डही मिळतं, बिलावर आकडा नीट वाचा. गूगलच्या जेम्मा ३ चं १२ अब्जवालं मॉडेल त्यावर बसतं आणि मराठी बरं सांभाळतं. रेकॉर्डिंगसाठी फास्टर-व्हिस्पर या आवाजाचा मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लार्ज मॉडेल ८ बिटांत चालवा, ते ३ जीबीच्या आसपास मावतं; छोट्या मॉडेलांची मराठी वाचवत नाही. पैसे वाढवता आले तर ५०६० टीआय १६ जीबी घ्या, तिची बँडविड्थ ४४८ आहे. ४०६० टीआय १६ जीबीची फक्त २८८, हे दुकानदार सहसा सांगत नाही. जुनं ३०९० (२४ जीबी, बँडविड्थ ९३६) मोहात पाडतं, पण ते ३५० वॉट ओढतं आणि बरीचशी कार्डं क्रिप्टो मायनिंगमधून आलेली असतात. विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकीचं पटकन: इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर, पण नावापुढे एफ नसलेला. त्यातल्या ग्राफिक्सवर मॉनिटर चालतो, कार्डाची मेमरी मोकळी राहते आणि ड्रायव्हर बिघडला तरी स्क्रीन दिसते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ते ग्राफिक्स मुद्दाम चालू ठेवावं लागतं. ३२ जीबी रॅम दोन कांड्यांत, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. ३०६० ला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरतो. पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर आत्ताच ७५० घ्या.

आता वीज. निवांत बसलेलं मशिन ५० वॉट धरलं तरी महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० आणि ३०० युनिटांवर बदलतात, तेव्हा गेल्या वर्षभराची बिलं काढून बघा. ३०० च्या काठावर असाल तर ही वाढ महागात पडते. एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने ३०६० ची विजेची मर्यादा १७० वरून १२० वॉटवर आणा. मजकुराच्या कामात फरक फारसा जाणवत नाही, कारण अडतं ते मेमरीच्या वेगावर. रीबूट झालं की ही मर्यादा पुसली जाते, म्हणून ती सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये कामं आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसमध्ये टाका.

घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. होम मोडवर वीज गेल्यावर तो बॅटरीवर जायला इतका वेळ घेतो की मशिन बंद पडतं. १००० व्हीएचा यूपीएस घ्या, त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा आणि नट नावाचं पॅकेज टाका, म्हणजे बॅटरी संपायच्या आत मशिन स्वतः नीट बंद होईल. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्या मागे लावलेला यूपीएस सारखा बॅटरीवर उड्या मारतो. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावा. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांचा विचार करून अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि मशिन माळ्यावर किंवा बंद कपाटात नको. वरच्या मजल्यावर एप्रिलच्या दुपारी तिथे हवा आधीच तापलेली असते.

उबंटू सर्व्हर २४.०४ टाकताना दोन ठिकाणी हमखास अडतं. एक, इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी सोय) वापरतो आणि १ टीबीच्या डिस्कमधून रूटला, म्हणजे मुख्य भागाला, फक्त १०० जीबी देतो. चार-पाच मोठी मॉडेलं उतरवली की डिस्क भरल्याची तक्रार येते, आणि उरलेली जागा तशीच पडून असते. ती एलव्ही-एक्स्टेंड (lvextend) आणि मग रिसाइझ-टू-एफएस (resize2fs) या कमांड चालवून जोडून घ्या. दोन, सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकल्यावर पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या रीबूटला निळी स्क्रीन येते. तिथे एनरोल एमओके (Enroll MOK) हा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. मॉनिटर-कीबोर्ड जोडलेला नसेल तर ती स्क्रीन काही सेकंदांत निघून जाते आणि कार्ड दिसतच नाही. म्हणून ड्रायव्हरचं काम होईपर्यंत मॉनिटर काढू नका.

मॉडेलं चालवणारा प्रोग्रॅम ओलामा मूळ सेटिंगला फक्त त्याच मशिनवर, ११४३४ पोर्टवर ऐकतो, आणि त्याला पासवर्ड नसतो. घरातल्या लॅपटॉपसाठी तो खुला केलात तरी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे तो इंटरनेटवरून थेट उघडू नका. बाहेरून वापरायचं तर टेलस्केल हा खासगी नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅम घ्या, तो सीजीनॅटमागेही (इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते तिथेही) चालतो. डॉकरने (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाने) उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला, म्हणजे उबंटूच्या फायरवॉलला, न जुमानता खुले होतात, तेव्हा तिथे पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते त्याच मशिनपुरते राहतात. कधी सकाळी एनव्हिडिया-एसएमआयने ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही असं सांगितलं, तर रात्री आपोआप अपडेट झालंय. रीबूट करा, पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.