समुद्रतळावरच्या डोंगरांना अधिकृत नाव कोण देतं? मला माझ्या आजोबांचं नाव सुचवता येईल का?

आजोबांचं आधी सांगतो: नाही चालणार. ते समुद्रविज्ञानातले मोठे नाव असतील तर गोष्ट वेगळी. एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही, पण अशाच एका नावापायी आमच्या जहाजावर दोन माणसांचं बोलणं बंद झालं होतं आणि त्यातला एक मी.

मी तेव्हा कंत्राटावर मल्टीबीमचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी समुद्राची खोली मोजणाऱ्या यंत्राचा, डेटा साफ करायचो. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, रात्री बारा ते चार. हिंदी महासागरात, नकाशावर सपाट दाखवलेल्या जागी पडद्यावरची खोली झपाझप कमी व्हायला लागली. वाटलं, नेहमीसारखा कचरा येतोय. शेजारून जहाजाची मोजणीची पुढची फेरी, म्हणजे लाइन, गेली, तिथेही तोच उंचवटा. मग ब्रिजवर फोन केला. कॅप्टन भला माणूस, त्याने वेळापत्रक वाकवून जास्तीच्या लाइनी दिल्या. तळापासून हजार मीटरच्या वर भरला, म्हणजे सीमाउंट, समुद्राखालचा डोंगर! त्याच्या खाली भरला असता तर नुसता नोल किंवा हिल. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बोसन, तोसुद्धा पडदा बघायला आला.

नाश्त्याला मी म्हटलं, जहाजाचंच नाव देऊ. मोहीमप्रमुख म्हणाले, छे, सरांचं द्यायचं. सर म्हणजे त्यांचे गाइड, तेव्हा चांगले धडधाकट. मी म्हटलं, हयात माणसाचं सहसा घेत नाहीत. त्यावर उत्तर आलं, "तू डेटा साफ कर." पुढे अर्ज अर्धवट भरून त्यांच्या खणात गेला आणि माझं कंत्राट संपेपर्यंत तिथेच पडून होता.

आता नियम. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना आणि युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग मिळून जेबको ही समुद्रतळाचे नकाशे करणारी संघटना चालवतात, तिची नावांची उपसमिती आहे, स्कफन. ती वर्षातून एकदा बसते. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आतलं ज्या त्या देशाने बघायचं, बाहेरचं स्कफनने. अर्जात अक्षांश-रेखांश, खोली, उंची, कोणत्या जहाजाने कधी मोजलं, सर्व्हेच्या लाइनींचा नकाशा आणि नावाचं कारण द्यायचं. आणि नावासाठी पहिली पसंती जवळच्या भौगोलिक ठिकाणाला. नाहीतर शोध लावणारं जहाज, मोहीम, संस्था, किंवा थोर व्यक्तीची स्मृती. स्मृती, बरं का.

'सागर कन्या' या भारतीय संशोधन जहाजाने 1986 मध्ये शोधलेल्या सीमाउंटला 1991 मध्ये त्याच जहाजाचं नाव मिळालं. समुद्रातली सगळ्यात खोल जागा, चॅलेंजर डीप, तिचं नावही जहाजावरूनच. अरबी समुद्रातल्या रामन रिजचं (रिज म्हणजे डोंगररांग) नाव 1992 चं, वाडिया गयोटचं (गयोट म्हणजे सपाट माथ्याचा सीमाउंट) 1993 चं. भौतिकशास्त्रज्ञ रामन 1970 ला गेले, भूवैज्ञानिक वाडिया 1969 ला. कोणी घाई केली नव्हती. कार्ल्सबर्ग रिज तर बीअरवाल्यांच्या नावाने आहे, कारण 1928 ते 30 च्या डॅनिश 'डाना' मोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनने पैसा पुरवला होता. आमच्या सरांनी डिझेलचा एक थेंबही भरलेला नव्हता.

2024 मध्ये आपली अशोक सीमाउंट, चंद्रगुप्त रिज आणि कल्पतरू रिज ही नावं जाहीर झाली. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं काम, अभिमान आहेच. पण अशोक 2012 मध्ये सापडला तो 'अकादेमिक निकोलाय स्त्राखोव्ह' या रशियन जहाजावरून. सम्राट काही तिथे वॉचला उभे नव्हते.

जहाजाचं नाव आधीच दुसरीकडे वापरलेलं असेल तर अडचण येते, हे कबूल. व्यक्तींची नावं सरसकट वाईट असंही नाही. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांच्या नावाचा सीमाउंट आहे, तो हक्काचाच. हयात माणसाचं नाव क्वचित घेतातही, पण त्याचं समुद्रविज्ञानातलं काम तेवढं मोठं लागतं आणि फक्त आडनाव लागतं.

अर्ज कोणीही करू शकतो, पण भारतातून सरकारी संस्थेमार्फत गेलेला बरा. मुळात तुम्हाला डोंगर सापडलाय का, हे काही तुम्ही लिहिलेलं नाही. सापडला असेल तर जहाजाचं नाव टाका, आणि प्रमुखांनी डोळे वटारले तर नियमावलीचं ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवा.