जुनी गाडी आत गळते का, हे उन्हाळ्यात कळतं का?

कळतं. "आता उन्हाळा आहे, गळती काय ती पावसाळ्यातच समजेल" असं तुम्हाला ज्या दलालाने सांगितलंय, त्याच्याकडची गाडी घेऊ नका.

आमचं रत्नागिरीत गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता भाऊ आणि मी बघतो. सीटा काढायच्या, कार्पेट उचलायचं, त्यावर नवीन फ्लोअरिंग बसवायचं हे माझं रोजचं काम. गाडीच्या तळाशी काय दडलंय ते आमच्याइतकं फारसं कुणी बघत नाही. त्यात इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे फट असली की पाणी तिचा पत्ता काढणारच.

माझ्या भावोजींनी (ताईचे मिस्टर) पुण्यातून सेकंड हँड हॅचबॅक घ्यायची ठरवली, तेव्हा एप्रिलमध्ये मीही सोबत गेले. गाडी चकाचक. आत उग्र परफ्यूम, आणि खाली कोरं करकरीत लॅमिनेशन फ्लोअरिंग. सहा वर्षांच्या गाडीत विकण्याच्या तोंडावर कुणी नवीन फ्लोअरिंग टाकतं तेव्हा मी आधी तेच उचलते. ड्रायव्हरच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी हाताने ओढली की निघते. ती काढली, फ्लोअरिंगची कड उचलून खालच्या नमद्यात (कार्पेटखालचा जाड, मऊ थर) बोटं घातली. वर कार्पेट कोरडं ठणठणीत, खाली नमदा ओला गच्च. बोटांना कुबट वास.

दलाल म्हणाला, "एसीचं पाणी आहे हो ताई, पाइप चोक झालाय, किरकोळ काम." भावोजी मलाच म्हणाले, "ठेव ते. लोकांची गाडी अशी उचकटणं बरं दिसत नाही."

एसीचं पाणी मी ओळखते. एसीचा निचरा तुंबला की पाणी सहसा डावीकडे, पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी आणि मधल्या भागाच्या बाजूने येतं. इथे ओल होती उजवीकडे, दाराकडच्या कोपऱ्यात. शिवाय गाडी कितीतरी दिवस नुसती उभी होती, एसी लावणार कोण? मग पाणी कुठलं? विकायला ठेवलेल्या गाड्या चकचकीत दिसाव्यात म्हणून रोज सकाळी पाइप मारून धुतात. आम्ही गेलो तेव्हाही रांगेतल्या गाड्या निथळत होत्या. म्हणून म्हणते, पावसाची वाट बघायचं कारण नाही, दलालाचा पोऱ्या रोज तुमच्यासाठी पाऊस पाडत असतो. हे सगळं मी तिथेच बोलले. भावोजींनी तरी टोकन दिलं.

मृग लागला आणि गाडीचा वायपर आपोआप फिरायला लागला. रात्री सेंट्रल लॉक खटाखट उघडझाप करायचं. दुकानात आणून फ्लोअरिंग काढलं तर पत्र्याच्या खोलगट भागात पाणी साचलेलं. भाऊ आत टॉर्च घेऊन बसला, मी बाहेरून पाइप धरला. खालून सुरुवात करायची: आधी दाराची खालची कड, मग रबर, मग वायपरखालची जाळी, शेवटी काच आणि छप्पर. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि फट कुठली ते कळत नाही. पुढच्या काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर पाणी धरल्यावर भाऊ आतून ओरडला. खांबाच्या आवरणामागून एक थेंब, मग दुसरा, मग सरळ धार, ती खाली फ्यूज बॉक्सवर, म्हणूनच वायपर आणि लॉकचा तो गोंधळ. काच कधीतरी बदललेली होती आणि त्या कोपऱ्यात गोंद तुटलेला होता. दारांच्या काचांवरचा शिक्का आणि पुढच्या काचेवरचा शिक्का जुळत नसेल तर काच बदललेली असू शकते. मग ती का बदलली, कुणी बसवली हे विचारा.

भावोजी आजही चार माणसांत सांगतात, "कोकणातल्या पावसाने गाडीची वाट लागली, पुण्यात काही नव्हतं." पुण्यातच होतं. एप्रिलात होतं. माझ्या बोटांना लागलं होतं. आमची वॅगनआर याच पावसात उघड्यावर उभी असते, आत टिपूस नाही.

तेव्हा खाली वाका, पट्टी काढा, बोटं घाला. डिकीतलं स्टेपनी टायर उचला आणि त्या खळग्यात गंज किंवा पाण्याची रेघ आहे का बघा, टेललाइटच्या रबरातून येणारं पाणी तिथेच जमतं. कुणाला राग आला तर येऊ दे, पैसे तुमचे आहेत.

पुरातली गाडी ही वेगळी भानगड. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळलेल्या भागात गाळाचा डाग राहतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. जुनी पॉलिसी मागा: त्याच मालकाकडे गाडी चार-पाच वर्षं आहे आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य, तर क्लेम घेतला होता का आणि कशाचा ते विचारा. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर लक्षात ठेवून लोक एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) नंबरची गाडी दिसली की पळतात. तसं करू नका. तिथल्या बहुतेक गाड्या चांगल्या आहेत, आणि पुरातली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊनही विकता येते.

हेही सांगायला हवं की एसीचा पाइप खरोखरच तुंबलेला असू शकतो, ते काम स्वस्त आहे, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका. दाराच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर तोही कमी खर्चात बदलतो. पाणी मारून गळती शोधताना पाइप साधा बागेचा वापरा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन चांगल्या रबरातूनही पाणी आत घालते आणि मग विकणारा तुमच्याशी भांडतो, ते बरोबरच आहे. गाडीला सनरूफ (छतातली उघडणारी काच) असेल तर त्याच्या कोपऱ्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात, तिथे पेलाभर पाणी ओता, ते गाडीखाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर नळी साफ करून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.