ध्रुवांवरच्या बर्फावरून हवामान अचानक बदलल्याचं कसं कळतं?

हवामान तर हजारो वर्षांत सावकाश बदलतं, मग पंचवीस-पन्नास वर्षांत ते पालटल्याचं बर्फावरून कसं सांगता येतं, असं तुम्ही विचारलंय. 'सावकाश'वर शास्त्रज्ञांचाही बराच काळ विश्वास होता. ग्रीनलंडच्या बर्फाने तो मोडला.

तिथल्या उंच पठारावर पडलेलं हिम वितळत नाही, वर्षावर वर्ष साचून दाबलं जातं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'ग्रिप' आणि 'गिस्प-२' या प्रकल्पांनी तीन किलोमीटरहून खोल भोकं पाडून बर्फाचे लांबलचक गाभे काढले. त्यांतले वर्षावर्षाचे थर मोजता येतात, आणि बर्फात जड ऑक्सिजन (म्हणजे ऑक्सिजनचेच, पण नेहमीपेक्षा किंचित जड अणू) जितका कमी तितकी त्या काळी थंडी जास्त.

हिमयुग ओसरत असताना, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, ग्रीनलंड पुन्हा गारठलं. 'यंगर ड्रायस' नावाचा हा काळ हजारएक वर्षं चालला, पण संपला मात्र काही दशकांत. तापमान साधारण १० अंशांनी चढलं आणि दरवर्षी साचणारं हिम तर मोजक्या वर्षांत जवळपास दुप्पट झालं. त्याआधीच्या हिमयुगातही अशा वीसहून जास्त उसळ्या दिसतात.

पण बर्फ वाहतो, त्याला घड्या पडतात. मग हा भास कशावरून नाही? दोन्ही भोकं एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटरवर होती आणि तळाजवळचा भाग सोडला तर दोन्ही नोंदी तंतोतंत जुळल्या. तळाशी थर खरंच मुरडलेले निघाले.

मला सर्वांत आवडणारा पुरावा नायट्रोजनचा. पृष्ठभाग एकदम तापला तरी खालचं भुसभुशीत हिम काही काळ थंडच राहतं. त्यातल्या हवेतला जड नायट्रोजन त्या थंड बाजूला सरकतो आणि पुढे बुडबुड्यांत कायमचा अडकतो. बदल हळूहळू झाला असता, तर ही खूण इतकी ठळक उमटलीच नसती. शिवाय ऑक्सिजनवरून बांधलेला तापमानवाढीचा जुना अंदाज बराच कमी होता, हेही यातून कळलं.

त्याच बुडबुड्यांत मिथेनही त्याच सुमारास वाढलेला दिसतो. तो मुख्यतः दूरदूरच्या पाणथळ जमिनींतून येतो, म्हणजे हा प्रकार एकट्या ग्रीनलंडपुरता नव्हता. अंटार्क्टिकात मात्र उलटं चित्र आहे: उत्तर गारठलेली असताना तिथे हळूहळू ऊब वाढत होती. अटलांटिकमधून उत्तरेकडे उष्णता नेणारे सागरी प्रवाह मंदावले की असंच व्हायला हवं. ते कशामुळे मंदावले, यावर अजून वाद चालतात. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हे सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण.

'मग आताची तापमानवाढही नैसर्गिकच' हा युक्तिवाद यावरून हमखास केला जातो, आणि तो चुकीचा आहे. त्या उसळ्यांत उष्णता मुख्यतः एका गोलार्धातून दुसऱ्यात जात होती; जगाची सरासरी त्यामानाने थोडीच हलली. आता दोन्ही गोलार्ध तापताहेत. आणि अंटार्क्टिकातल्या 'डोम सी'च्या बर्फातली ८ लाख वर्षांची हवा पाहिली, तर औद्योगिक काळापूर्वी कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण १७० ते ३०० भाग एवढाच राहिला. आज तो ४२०च्या वर आहे.